माय लातूरला आली तो शुक्रवार

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय. बहुतेक वेळा अर्ध्यावर पान उलटते, कधीकधी हसते सुद्धा. मी आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजच्या पोरांना फिजिक्स शिकवलं. आमचं घर धम्म घेतलेलं. आजोबांनी देव्हारा काढला, त्याच्याबरोबर अंगात येणं, उतारे, करणी, नजर हे सगळंच घराबाहेर गेलं. बाबा म्हणायचे, "जे दिसत न्हाई त्याला कामून भ्यायचं? दिसतंय तेच लई हाय." त्यामुळे मी भुताखेतांच्या गोष्टी लिहीन असं कुणी मला सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

ही भुताची गोष्ट नाहीच. ज्या बाईची गोष्ट आहे ती तेव्हा चांगली जिवंत होती आणि नंतरही खूप वर्षं जगली. म्हणून तर अवघड आहे...

गेल्या महिन्यात माझी जुनी रूममेट विजया हिचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "कांता, ते कुठं तरी लिहून ठेव. आपल्या दोघींशिवाय आता कुणाला माहीत नाही." मी म्हटलं, लिहून काय होणार? ती म्हणाली, "काही होणार नाही. तरी लिही." म्हणून लिहितेय. वय झालंय, फार रंगवून सांगण्याचं बळ नाही. जसं झालं तसं सांगते.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. गावात जिकडे तिकडे सरकारी पाट्या रंगवणं चाललं होतं. जुन्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून त्यावर नवं नाव, आणि घाईत रंग पातळ लावलेला, त्यामुळे खालचं नाव दिसतच राहायचं. जीपगाड्या वाढल्या होत्या. रिकाम्या इमारती ऑफिसांना जात होत्या. आमच्या कॉलेजचं मुलींचं हॉस्टेलही असंच कुठल्या तरी ऑफिसला गेलं आणि आम्हाला एका दुमजली भाड्याच्या घरात ठेवलं. खाली रेक्टरबाई, मेस आणि अंगणात एक सिमेंटचा हौद. वर आम्ही.

आणि दुष्काळ. मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरड्या चालल्या होत्या. कॉलेज उघडलं तरी आभाळ उन्हाळ्यासारखं पांढरं. हौदात दिवसाआड टँकर यायचा. टँकरचा हॉर्न वाजला की वरच्या मजल्यावरून बादल्यांचा असा आवाज उठायचा की बस्स.

मी हदगाव तालुक्यातल्या एका लहान गावची. बाबा जिनिंगमध्ये हमाली करायचे, पण कापूसच नाही म्हटल्यावर जिनिंग बंद. मग बाबा आणि माय दोघंही रोजगार हमीच्या कामावर, पाझर तलावाची माती उचलायला. बारावीला मला मार्क चांगले पडले. शाळेतल्या एका सरांनी बाबांना सांगितलं, पोरीला लातूरला घाला, तिथं सायन्स चांगलं आहे. बाबा तयार झाले. माय मात्र गप्प होती. निघायच्या दिवशी ती कामावर गेली नाही, चुलीपुढे बसून राहिली, आणि मी पाया पडायला वाकले तेव्हा फक्त म्हणाली, "जाय."

हदगावहून नांदेड, नांदेडला गाडी बदलून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर. अख्खा दिवस गेला. बाबांनी मला आणि पत्र्याच्या ट्रंकेला हॉस्टेलवर सोडलं आणि त्याच संध्याकाळच्या गाडीने परत फिरले, कारण दुसऱ्या दिवशीचा खाडा परवडणारा नव्हता.

तो पहिला आठवडा.

आज त्याला फ्रेशर्स वीक म्हणतात, केक कापतात, फोटो काढतात. आमच्या वेळी 'परिचय' म्हणायचे. रोज कॉलेज सुटल्यावर चारच्या सुमारास सीनियर मुली आम्हाला वरच्या व्हरांड्यात रांगेत उभं करायच्या. नाव, गाव, तालुका, जिल्हा, बारावीचे मार्क, येत असेल ते गाणं. विजयाने जिल्हा 'उस्मानाबाद' सांगितला तर सगळ्या खो खो हसल्या आणि तिला दहा वेळा 'लातूर, लातूर' म्हणायला लावलं. ती औशाजवळच्या एका खेड्यातली, बागायतदाराघरची. चष्मा, दोन लांब वेण्या. आम्ही दोघी एका खोलीत. पहिले दोन दिवस आम्ही अगदी मैत्रिणींसारख्या होतो. तिच्या घरून दुधाच्या गाडीवर पिण्याच्या पाण्याचा कॅन यायचा, त्यांच्या शेतातल्या विहिरीचं पाणी. ते ती एका माठात ओतून ठेवायची. मीही त्यातलंच प्यायचे. हौदाचं पाणी खारट, तळाशी गाळ.

तिसऱ्या दिवशी परिचयात माझी पाळी आली. मी नाव सांगितलं. प्रमिलाताई म्हणून थर्ड इयरची एक मुलगी होती, ती म्हणाली, "पूर्ण नाव सांग. आडनावासकट."

मी सांगितलं.

कुणी काही बोललं नाही. पुढच्या मुलीचा नंबर आला.

आता, परिचयाच्या आठवड्याचा एक नियम होता. टँकर आला की पहिल्या वर्षाच्या मुलींनी सीनियर मुलींच्या बादल्या भरून वर आणायच्या. प्रत्येकीला दोन-तीन सीनियर वाटून दिल्या होत्या. जिना उंच, बादल्या लोखंडी, मुली रडकुंडीला यायच्या. दुसऱ्या दिवशी टँकर आला, मी बादली घेऊन खाली गेले तर प्रमिलाताई हौदापाशी उभी होती. अगदी गोड आवाजात म्हणाली, "तू नको गं भरू. तुला त्रास नको. तू बादली इथं बाजूला ठेव, आम्ही भरून देत जाऊ."

बाकीच्या मुली माझ्याकडे बघायला लागल्या. एक तर म्हणाली, "लकी आहेस बाई, सुटलीस!"

मी बादली बाजूला ठेवली. एका मुलीने वरून मग्ग्याने माझ्या बादलीत पाणी घातलं. वरून. बादलीला मग्गा लागू न देता.

आमच्या गावात विहिरीवर माय अशीच घागर घेऊन बाजूला उभी राहायची. कुणी येऊन वरून पाणी घालेपर्यंत. तास तास. मला वाटलं होतं, लातूर मोठं गाव, कॉलेज, सायन्स... इथं कोण ते बघतं! बाकी मुलींना रॅगिंगमुळे रडू येत होतं. मला रॅगिंगमधून सोडलं म्हणून मी संडासात जाऊन रडले.

वर खोलीत आले तर विजयाने माठ जागचा हलवला होता. आधी तो खिडकीखाली होता, आता तिच्या कॉटच्या पलीकडे, भिंतीशी. वर झाकणी म्हणून तिचं ताट, ताटावर तिचा ग्लास पालथा. ती पुस्तकात तोंड घालून बसली होती. तीही काही बोलली नाही, मीही नाही. कुणी शिवी दिली असती तर उलटून देता आली असती. पण इथं कुणी काही बोलतच नव्हतं.

त्यानंतर मी त्या माठाला हात लावला नाही. कॉलेजच्या नळाला सकाळी थोडं पाणी असायचं, तिथं प्यायचे. गुरुवारी तो नळही कोरडा पडला. हौदाच्या पाण्याने पोट बिघडलं. शुक्रवारी सकाळी मी लेक्चरला गेले नाही. डोकं जड, तोंडाला कोरड, आणि खरं म्हणजे थकवा... आठच दिवसांत एवढा थकवा की वाटलं, हे तीन वर्षं? नाही होणार आपल्याने. दुपारच्या जेवणाला खाली गेले नाही. ठरवून टाकलं, उद्या पहाटेची नांदेड गाडी. बाबांना काय सांगायचं ते गाडीत ठरवू.

दुपारचे अडीच झाले असतील. विजया दुपारी कॉलेजमधून आली, आपल्या कॉटवर वही घेऊन पडली. मी खाली बसून ट्रंकेत कपडे भरत होते. ती बघत होती, पण विचारत नव्हती. तेवढ्यात खालून रेक्टरबाईंचा आवाज आला,

"कांता! तुझ्या आई आल्यात गं. वर पाठवतेय."

मला वाटलं दुसऱ्या कुणाला हाक आहे. तोवर जिन्यावर पावलं वाजली आणि दारात माय उभी!

हिरवं लुगडं, कामावरचंच. गुडघ्यापर्यंत पांढरा मुरूम लागलेला. पायात काही नाही. हनुवटीवरचं गोंदण, उजव्या अंगठ्याचं दगडाने फुटलेलं नख. हे मुद्दाम सांगते, कारण तुम्ही आधी हेच म्हणाल, दुसरी कुणी बाई असेल. नव्हती. मी माझ्या मायला ओळखते.

मी उठून तिला मिठी मारली. तिच्या अंगाला घामाचा, मातीचा वास होता. तापलेलं अंग. थंडगार वगैरे काही नाही.

"माय, तू कशी आलीस? बाबा कुठं हायेत?"

"कामावर हायेत."

"एकटी आलीस? नांदेडला गाडी कशी बदलली?"

"आले," म्हणाली. एवढंच. मग ट्रंकेकडे बघून म्हणाली, "हे कामून आवरून राहिली?"

मी म्हटलं, "घरी चालले. मला इथं जमत न्हाई."

तिने माझ्या कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "पाणी पिली का तू?"

मी मान हलवली. नाही.

मायने खोलीत एकदा नजर फिरवली आणि सरळ चालत विजयाच्या कॉटच्या पलीकडे गेली. माठावरचं ताट उचललं. ग्लास बुडवला.

विजया ताडकन उठून बसली. "अहो..." म्हणाली आणि तिथंच थांबली.

मायने ग्लास माझ्या हातात दिला. मी प्यायले. तिने दुसरा भरला, स्वतः प्याली. गटागटा, ओघळ गळ्यावर आला. मग तिसरा भरला, विजयापुढे धरला.

"घे. तू बी पी. तुझाच हाय ना माठ? लई गोड पानी हाय बाई."

विजयाने ग्लास घेतला. तो सगळा प्याली.

माय तिच्या कॉटच्या कडेला टेकली. तिला विचारू लागली, गाव कोणतं, भाऊ किती, माय कशी हाय. विजया म्हणाली, "आई नाही मला. मी सातवीत होते तेव्हा गेली." हे तिने मला आठवड्याभरात सांगितलं नव्हतं. मायने हात लांब केला, तिच्या गालावरून फिरवला आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली. काडकाड आवाज आला. विजया रडायला लागली... मोठ्याने नाही, चष्मा काढून.

मग माय माझ्याकडे वळली. "ती ट्रंक खाटंखाली सरकव," म्हणाली. "घरी येऊ नको. ऱ्हा इथंच."

"माय, तुला म्हाईत न्हाई इथं..."

"मला समदं म्हाईत हाय. ऱ्हा."

ती उठली. मी म्हटलं, थांब, जेवून जा, मी स्टँडवर येते सोडायला. ती म्हणाली, "गाडी हाय." आम्ही दोघी जिना उतरलो. ती भिंतीला हात लावून हळूहळू उतरत होती, आमच्या गावात जिना नाही, तिला सवय नव्हती. रेक्टरबाईंनी तिला थांबवून भेटीच्या रजिस्टरवर अंगठा घेतला. फाटकापाशी आलो तोच टँकरचा हॉर्न वाजला. माय म्हणाली, "जाय, पानी भर जाय." मी मागे वळून टँकरकडे पाहिलं, परत रस्त्याकडे पाहिलं तेव्हा ती कोपऱ्यावर पोचली होती. हिरवं लुगडं कोपऱ्यावरून वळलं आणि दिसेनासं झालं.

मी वर गेले, बादली आणली. हौदापाशी गेले, प्रमिलाताई काही बोलायच्या आत बादली हौदात बुडवली आणि भरून काढली. मग तिची बादली उचलली, तीही भरली आणि दोन्ही घेऊन जिना चढले. मागून कुणी काही म्हणालं असेल तर मला ऐकू आलं नाही. खोलीत आले तर माठ परत खिडकीखाली होता.

विजयाने कधी माफी मागितली नाही. मीही मागायला लावली नाही. आम्ही तीन वर्षं त्या खोलीत एका माठाचं पाणी प्यायलो.

इथपर्यंत काही विशेष नाही, असं तुम्ही म्हणाल. आई आली, भेटून गेली. मलाही त्या दिवशी काही विशेष वाटलं नाही. आश्चर्य एवढंच वाटलं की घरून येताना ती माझ्यासाठी भाकरीचा तुकडासुद्धा कसा घेऊन आली नाही. खेड्यातली बाई लेकीला भेटायला रिकाम्या हाताने येते का?

दुसऱ्या दिवशी मी घरी पोस्टकार्ड टाकलं. माय आली, बरं वाटलं, नीट पोचली का कळवा. दहा-बारा दिवसांनी बाबांचं उत्तर आलं. बाबा चौथी शिकलेले, अक्षर मोठं मोठं. लिहिलं होतं... 'तुझी माय कुठेच गेली नाही. शुक्रवारी माझ्यासोबत कामावर होती. मी खोदत होतो ती पाट्या उचलत होती. दुपारी भाकर सोबत खाल्ली. तब्येत सांभाळ. पाणी पीत जा. भलतंसलतं मनात आणू नको.'

मी ते कार्ड तीनदा वाचलं. मग विजयाला दिलं. तिने वाचलं, कार्ड उलटून पत्ता पाहिला. नंतर म्हणाली, "मग माझ्या गालाला कुणी हात लावला?"

आम्ही खाली रेक्टरबाईंकडे गेलो. काही तरी निमित्त काढून रजिस्टर मागितलं. नोंद होती. बाईंच्या अक्षरात माझं नाव, 'आई', आणि पुढे जांभळ्या शाईचा अंगठा. अंगठ्यावर मधोमध एक आडवी पांढरी रेघ. मायच्या अंगठ्यावर विळ्याचा जुना व्रण आहे, तिथंच. बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "हो, आल्या होत्या की. साध्या होत्या बिचाऱ्या. काय झालं?" मी म्हटलं, काही नाही.

तो अंगठा मला कुठं तरी नेऊन पडताळून घेता आला असता. सायन्सची विद्यार्थिनी मी! नाही घेतला. तेव्हा भीती वाटली की आणखी काही, आता सांगता येत नाही. पुढच्या वर्षी हॉस्टेल दुसरीकडे हललं आणि जुनी रजिस्टरं कुठं गेली कुणास ठाऊक.

दिवाळीत घरी गेले. पहिल्याच दिवशी मायला विचारलं. ती भाकरी थापत होती, हात थांबला. "म्या? लातूरला? मला हदगावच्या पुढं काय हाय ते ठावं न्हाई, पोरी."

मी तिला सगळं सांगितलं. मुरूम, लुगडं, जिना. ती ऐकत होती. माठाचं सांगितलं तेव्हा मात्र घाबरली. "दुसऱ्याच्या माठात म्या ग्लास बुडवला? त्या पोरीच्या समोर? काय बी बोलू नको. म्या असं करीन व्हय?"

तिचं बरोबर होतं. तिने नसतं केलं. जन्मभर विहिरीपासून चार हात लांब उभी राहिलेली बाई, तिने असं ताट उचलून बाजूला ठेवलं नसतं. दीडशे-दोनशे किलोमीटर ती कशी आली, हे कोडं मला नंतर नंतर लहान वाटायला लागलं. ते एक वेळ समजेल. पण ताट उचलायचा तो हात... आणि ते करताना तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, ना भीती ना राग. आपल्या घरातल्या माठावरचं ताट उचलावं तसं.

बाबांनी एका वाक्यात निकाल लावला. "तू पाणी पिलेली नव्हती, डोक्यात ऊन गेलं होतं." मी म्हटलं, बाबा, विजयाने पाहिलं, रेक्टरबाईंनी पाहिलं, त्यांच्या डोक्यात पण ऊन गेलं होतं का? बाबा म्हणाले, "मी खोटं बोलत न्हाई." ते खोटं बोलत नव्हते, हे मला माहीत होतं. त्यांनी आयुष्यात कुणाशी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. मग आम्ही तो विषय बंद केला.

मी शिकले, नोकरी लागली, नांदेडला स्थिरावले. लग्न, मुलं, बदल्या, पेपर तपासणं. बाबा गेले. माय माझ्याकडे राहायला आली. या सगळ्या वर्षांत मी त्या दिवसाचा फार विचार केला असं नाही. वेळच नव्हता. कधी वर्गात प्रकाशाचं परावर्तन शिकवताना, आभासी प्रतिमा कशी तयार होते ते फळ्यावर काढताना, खडू हातात थांबायचा. मग एखादा पोरगा "मॅडम?" म्हणायचा आणि मी पुढे शिकवायचे. भास म्हणावं तर तिघींना एकच भास कसा होईल? भासाने पाणी कसं प्यावं, अंगठा कसा उठवावा? दुसरी बाई म्हणावं तर ते गोंदण, ते नख, तो व्रण? बाबा खोटं बोलले म्हणावं तर का? मी सगळं मांडून बघितलं, वर्षानुवर्षं. जमत नाही. आता मांडायचाही कंटाळा येतो. तुमच्यापैकी कुणी काही सांगितलं तर मी वाचीन, पण पटेल असं वाटत नाही.

एकच सांगायचं राहिलं.

माय जायच्या साधारण वर्षभर आधीची गोष्ट. तिची तब्येत बरी होती, दुपारी आम्ही गच्चीवर लाल मिरच्यांचे देठ काढत बसलो होतो. मी सहज म्हटलं, "माय, आता तरी खरं सांग. आली होतीस ना लातूरला?"

ती हसली नाही. देठ काढत राहिली. मग म्हणाली, "तू गेली तवा मला लई जड गेलं होतं. तुझ्या बाबाला बोलता येत न्हवतं, पोरीला शिकवायचं म्हणून हटूनच बसले होते ते. पण म्या रोज पाटी उचलताना म्हणायची, जावं आन् पोरीला घरी घेऊन यावं. कशाला पायजे तिला लातूर? रोज म्हणायची. त्या शुक्रवारी बी म्हणली असंल."

मी पुढची मिरची उचलली.

"म्हून सांगते," ती म्हणाली. "म्या आले असते ना, तर तुला हाताला धरून घरी आणलं असतं. ऱ्हा म्हणाया म्या आलेच नसते."

"मग ती कोण होती, माय?"

तिने मिरच्यांचं सूप पुढे ओढलं, हाताने एकदा सारखं केलं.

"मला काय म्हाईत," म्हणाली. "पर माझ्यापरीस शहाणी होती."